आज्ञाभंगाची हांक कशासाठीं?

दरवर्षीं १२ जानेवारी उजाडली म्हणजे सोलापुरांत चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांस हार पडतात, कांहीं भाषणें होतात, आणि दिवस कलण्यापूर्वीं शहर पुन्हां आपल्या उद्योगास लागतें. मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा आणि अब्दुल रसूल कुर्बान हुसेन या चौघांस १९३१ सालीं त्या दिवशीं पुण्याच्या येरवडा तुरुंगांत फांशीं देण्यांत आलें. त्यांचें स्मरण होतें हें योग्यच आहे. परंतु स्मरण म्हणजे विचार नव्हे. हार घालणाऱ्याचें काम हात जोडून संपतें. विचार करणाऱ्याचें काम तेथून सुरू होतें. या चौघांपैकीं एक जण वृत्तपत्रकार होता, ही गोष्ट हार घालणाऱ्यांपैकीं किती जणांच्या ध्यानांत असते याची आम्हांस शंका आहे. कुर्बान हुसेन हा पंचविशीच्याही आंतला तरुण. गिरणी-कामगारांत वावरणारा आणि 'गझनफर' या पत्राचा संपादक. गझनफर म्हणजे सिंह. पुण्याचा 'केसरी' सर्व महाराष्ट्रास ठाऊक आहे. सोलापुरांतही एक सिंह होता, त्याच्या नांवाचा अर्थसुद्धां आज आपणांस सांगावा लागतो.

हा लेख त्या तरुणाच्या चरित्रासाठीं नाहीं. त्याच्या निमित्तानें एका जुन्या व अजून न सुटलेल्या प्रश्नाचा विचार करावा अशी आमची इच्छा आहे. जो लेखक आपल्या वाचकांस 'सरकारची ही आज्ञा पाळूं नका' असें सांगतो, त्याचा हेतु काय असतो? सरकार उलथून पाडणें हा? लोकांस बेबंद करणें हा? कीं आणखी कांहीं? हा प्रश्न राज्यकर्त्यांनीं वारंवार विचारला आहे, आणि बहुधा त्याचें उत्तर ठरवूनच विचारला आहे. तेवढ्याच प्रामाणिकपणानें लोकांनींही तो विचारावयास पाहिजे. कारण अशा हांकेची किंमत लेखकाबरोबर वाचकासही द्यावी लागते.

प्रथम घडलेली हकीकत थोडक्यांत सांगितली पाहिजे. १९३० च्या मार्च महिन्याच्या १२ तारखेस महात्मा गांधी साबरमतीहून दांडीस निघाले आणि ६ एप्रिल रोजीं त्यांनीं मिठाचा कायदा मोडला. त्याच दिवशीं सोलापूरच्या नगरपालिकेवर राष्ट्रीय निशाण चढलें. २७ एप्रिल रोजीं व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांनीं वृत्तपत्रांचा वटहुकूम काढून १९१० च्या छापखान्यांच्या कायद्यांतील जाचक कलमें पुन्हां जिवंत केलीं. ४ मेच्या मध्यरात्रीनंतर गांधीजींस कराडी येथील छावणींत पकडण्यांत आलें, आणि तेंही १८२७ सालच्या एका रेग्युलेशनाखालीं, म्हणजे खटल्याची कटकट न करतां. ही बातमी सोलापुरास पोंचतांच हरताळ पडला. गिरण्यांचे हजारों कामगार रस्त्यांवर आले. ८ मे रोजीं शिंदीचीं झाडें तोडण्यास गेलेला समुदाय आणि पोलीस यांची गांठ पडली, गोळीबार झाला, शंकर शिवदारे नांवाचा तरुण व इतर लोक ठार झाले. मग समुदायाचा तोल सुटला. मंगळवार पेठेंतील पोलीस चौकीवर हल्ला झाला, तेथें पोलीस शिपायांचे प्राण गेले, आणि कोर्टाची इमारत पेटली. १२ मे रोजीं शहरांत लष्करी कायदा पुकारण्यांत आला आणि तो सुमारें सात आठवडे चालला. राष्ट्रीय निशाण बाळगणें हाच गुन्हा ठरला. डोक्यावरील पांढरी टोपीही अधिकाऱ्यांच्या डोळ्यांस सहन होईना. 'कर्मयोगी' पत्राचे संपादक रामभाऊ राजवाडे यांसही या अंमलांत शिक्षा झाली. पोलीस शिपायांच्या खुनाच्या आरोपावरून वर सांगितलेल्या चौघांवर खटला चालला आणि त्याचा शेवट येरवड्यास झाला. त्या खुनांत या चौघांचा हात नव्हता अशी सोलापूरच्या लोकांची तेव्हांपासून दृढ समजूत आहे.

आतां आक्षेपाकडे वळूं. आक्षेपकांचें म्हणणें असें कीं, 'लेखक शाईनें लिहितो, पण त्याच्या लेखाची फोड लोक रॉकेलानें करितात. कायदा मोडा असें एकानें सांगावयाचें, आणि कोणता मोडावा, किती मोडावा, कोठें थांबावें हें हजारोंच्या समुदायानें रस्त्यावर ठरवावयाचें! मिठाचा कायदा मोडण्यास निघालेली चळवळ चौकी जाळण्यापर्यंत पोंचली, हा त्या उपदेशाचाच परिणाम नव्हे काय?' हा आक्षेप हलका नाहीं, आणि तो सरकारच्या बाजूनें केला जातो एवढ्यासाठींच त्याची टर उडविणें आम्हांस शोभणार नाहीं. मंगळवार पेठेंत जे शिपाई मेले ते विलायतेहून आलेले नव्हते. पोटासाठीं सरकारी डगला अंगावर चढविलेले आपल्यांतलेच ते लोक. त्यांच्याही घरीं कोणी वाट पाहत होतें. त्यांचा वध हा पराक्रम नव्हता, आणि हुतात्म्यांचा गौरव करतांना तो झांकून ठेवणें हा हुतात्म्यांचाही गौरव नव्हे. ज्याच्या निर्दोषतेवर आपला विश्वास आहे, त्याच्या नांवानें तो गुन्हा मात्र साजरा करावयाचा, यांत तर्कही नाहीं आणि नीतिही नाहीं.

मग आज्ञाभंगाची हांक देणारा लेखक दोषी ठरतो काय? आमचें उत्तर असें आहे कीं, हांक आणि हांक यांत भेद आहे, व तो भेद हेतूवरून ओळखतां येतो. हेतु मनांत असतो, तो बाहेरून कसा दिसावा, अशी शंका कोणी काढील. तो लेखकाच्या शपथेवरून दिसत नाहीं हें खरें. पण त्याच्या लिहिण्याच्या रीतीवरून दिसतो. त्याच्या तीन खुणा आम्हांस दिसतात.

पहिली खूण ही कीं, असा लेखक कोणता कायदा मोडावयाचा व कां मोडावयाचा हें नेमकें सांगतो. अमेरिकेंत हेन्री डेव्हिड थोरो यानें गुलामगिरीस आश्रय देणाऱ्या आणि मेक्सिकोवर चढाई करणाऱ्या सरकारास डोईपट्टी देण्याचें नाकारलें, व त्यापायीं १८४६ सालीं एक रात्र तुरुंगांत काढली. १८४९ सालीं त्याचा प्रसिद्ध निबंध छापला गेला. त्यांत सरकारच नको असें त्याचें मागणें नव्हतें. अधिक चांगलें सरकार हवें, आणि तें आजच हवें, असें होतें. सरकारच नको म्हणणारा कोणत्याही एका कायद्याची निवड करीत नाहीं. त्यास सर्वच कायदे सारखे. सुधारणा इच्छिणारा निवड करितो. गांधीजींनीं कूच करण्यापूर्वीं २ मार्च १९३० रोजीं व्हाइसरॉयांस पत्र लिहून आपण काय करणार व कशासाठीं, हें अगोदर कळविलें होतें. चोरून कायदा मोडणारा कायद्यास भितो. कळवून मोडणारा त्याच्याशीं वाद घालतो. मिठाचीच निवड कां? तर राजापासून रंकापर्यंत सर्वांस तें लागतें, आणि ज्याची भाकरी कोरडी त्यासच त्यावरील कर अधिक बोंचतो. अन्यायाचा दाखला असा निवडावा कीं तो समजण्यास इंग्रजी पुस्तकांची गरज पडूं नये.

येथें सोलापूरची एक विशेष गोष्ट आमच्या मनांत येते. सोलापुरास समुद्र नाहीं. मीठ उचलावयाचें कोठून? तेव्हां येथील लोकांनीं शिंदीच्या झाडास हात घातला. या गोष्टीकडे केवळ गोंधळाची सुरुवात म्हणून पाहण्याची वहिवाट आहे, पण आम्हांस तींत मोठा अर्थ दिसतो. आबकारीचें उत्पन्न हा मुंबई इलाख्याच्या तिजोरीचा एक मोठा आधार होता. १८७७ सालीं निघालेल्या 'जुन्या गिरणी'पासून सोलापुरांत कामगारांची वस्ती वाढत गेली. आठवड्याभराची मजुरी हातांत पडावी, ती वाटेंतल्या दुकानांत जावी, दुकानांतून मक्त्याच्या रूपानें सरकारांत जावी, आणि घरीं बायकोच्या हातीं रिकामें भांडें उरावें, असा हा रहाट होता. तेव्हां शिंदीचें झाड तोडणाऱ्याची कुऱ्हाड दोघांवर पडत होती. एक सरकारच्या उत्पन्नावर आणि दुसरी आपल्याच व्यसनावर. मीठ उचलण्यास धैर्य लागतें; शिंदी सोडण्यास धैर्य आणि संयम दोन्ही लागतात. जो आज्ञाभंग करणाऱ्यासही कांहीं सोडावयास लावतो, तो बेबंदपणा नव्हे. सरकारास दोष देत असतांना वाचकाच्या घरांतल्या दोषावरही जो बोट ठेवतो, त्या लेखकाचा हेतु शुद्ध असल्याची याहून चांगली साक्ष कोणती?

दुसरी खूण ही कीं, असा लेखक शिक्षेच्या वेळीं वाचकाच्या पुढें उभा राहतो, मागें लपत नाहीं. महाराष्ट्राच्या वृत्तपत्रांचा इतिहास या बाबतींत कोणासही मान खालीं घालावयास लावणारा नाहीं. १८८२ सालीं कोल्हापूर प्रकरणांत टिळक व आगरकर यांनीं डोंगरीच्या तुरुंगांत १०१ दिवस काढले. १८९७ सालीं टिळकांस राजद्रोहाबद्दल अठरा महिन्यांची शिक्षा झाली आणि १९०८ सालीं सहा वर्षांची. ती त्यांनीं मंडालेस भोगली. त्या शिक्षेच्या निषेधार्थ मुंबईच्या गिरण्यांतील कामगारांनीं सहा दिवस काम बंद ठेवलें. त्याच वर्षीं 'काळ'कर्ते शिवराम महादेव परांजपे यांस १९ महिन्यांची शिक्षा झाली. १९२२ च्या मार्चांत 'यंग इंडिया'मधील तीन लेखांबद्दल गांधीजींवर अहमदाबादेस खटला झाला, तेव्हां त्यांनीं बचाव केला नाहीं; गुन्हा कबूल करून कायद्यांत असेल ती पुरी शिक्षा मागितली. न्यायाधीशांनीं टिळकांच्या खटल्याचा दाखला घेऊन सहा वर्षांची शिक्षा सुनावली. यांत शौर्याची हौस नव्हती. कायदा मोडून शिक्षा चुकविणारा मनुष्य कायद्याचें राज्यच नाकारतो. पण कायदा मोडून शिक्षा पत्करणारा 'कायदा असावा, पण तो असा नसावा' एवढेंच सांगतो. निनांवी पत्रकें वाटून दुसऱ्यांच्या पोरांस लाठीखालीं पाठविणारा आणि आपल्या नांवानें लेख छापून आपण तुरुंगांत जाणारा, या दोघांस एका मापानें मोजणें हा सरकारी आळस आहे. लोकांनीं तो करूं नये.

तिसरी खूण सर्वांत कठीण आहे. हांक देणाऱ्यास 'थांबा' असें सांगतां आलें पाहिजे, आणि तें सांगण्याची त्याची तयारी असली पाहिजे. १९२२ च्या फेब्रुवारींत चौरीचौरा येथें समुदायानें पोलीस ठाणें पेटवून पोलिसांस जाळून मारलें, तेव्हां गांधीजींनीं आपल्याच अनुयायांचा रोष पत्करून बार्डोलीस चळवळ थांबविली. चळवळीचा नेता हेतूबद्दल खरा आहे कीं नाहीं, हें तो लोकांस कसें पुढें नेतो यापेक्षां तो त्यांस मागें कसें आणतो यावरून अधिक कळतें. आतां याच कसोटीवर सोलापूरचें प्रकरण घासून पहा. ८ मे रोजीं समुदायास 'थांबा' म्हणून ज्याचें शब्द ऐकले गेले असते, तो मनुष्य तीन दिवसांपूर्वींच खटल्याशिवाय तुरुंगांत टाकलेला होता. जीं पत्रें लोकांस संयमाचा उपदेश करूं शकलीं असतीं त्यांच्या मानेवर २७ एप्रिलपासून वटहुकुमाची तलवार लटकत होती. ज्यानें लगाम धरावयाचा त्याचे हात बांधून ठेवावयाचे, आणि मग घोडा उधळला म्हणून त्यालाच जबाबदार धरावयाचें, हा न्याय कोणत्या स्मृतींतला? उघड लेखणी बंद केली म्हणजे असंतोष बंद होत नाहीं. तो फक्त मुका होतो. आणि मुका मनुष्य रागावला म्हणजे हातांनीं बोलतो. सोलापूरचा दंगा लेखणीमुळें झाला असें म्हणणारांनीं, लेखणी अडविल्यानंतर अवघ्या अकरा दिवसांत तो कसा झाला, याचें उत्तर दिलें पाहिजे.

याचा अर्थ, त्या दिवशीं हात उगारणारे निर्दोष ठरतात, असा कोणी घेऊं नये. सरकारचा दोष हा आपल्या दोषाचा रोख हिशेब नव्हे. पोलीस शहरांतून मागें घेतले गेल्यानंतरच्या दोन-तीन दिवसांविषयींही दोन कथा सांगतात. काँग्रेसच्या स्वयंसेवकांनीं शहराची व्यवस्था सांभाळली, असें सोलापूरकर अभिमानानें सांगतात. त्याच दिवसांस सरकारपक्षानें बेबंदशाही म्हटलें. आम्हांस वाटतें कीं, खरा धडा या दोन्हींच्या मध्यें आहे. ज्या शहरानें ८ तारखेस चौकी जाळली त्याच शहरांत ९ तारखेस स्वतःवर पहारा करणारे तरुणही होते. मनुष्यांत दोन्ही असतें. लेखकाची हांक त्यांपैकीं कोणास जागें करिते, हाच तिच्या हेतूचा व तिच्या योग्यतेचा प्रश्न आहे.

येथपर्यंत आम्हीं सरकारच्या सत्तेचा विचार केला. परंतु सत्ता ही केवळ कचेरींत राहत नाहीं. ती देवळाच्या उंबऱ्यावर, पाणवठ्याच्या कांठावर, पंक्तीच्या पाटावर आणि माजघरांतही राहते. आणि तिचा हुकूम मोडणें कलेक्टरचा हुकूम मोडण्याहून पुष्कळदां अवघड असतें. कारण कलेक्टर परका असतो व हा हुकूम देणारे आपले असतात. आगरकरांनीं १८८८ सालीं 'सुधारक' काढला तो या दुसऱ्या सत्तेविरुद्ध. त्यांस सरकारी तुरुंगापेक्षां समाजाच्या बहिष्काराची धग अधिक सोसावी लागली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनीं १९२० सालीं 'मूकनायक' आणि १९२७ सालीं 'बहिष्कृत भारत' काढला, तोही याच सत्तेविरुद्ध. महाडचें उदाहरण आमच्या विषयास फार उपयोगी आहे. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांस खुले असावे असा ठराव मुंबईच्या कायदे कौन्सिलांत १९२३ सालीं झाला होता, आणि महाडच्या नगरपालिकेनेंही तो मान्य केला होता. म्हणजे २० मार्च १९२७ रोजीं चवदार तळ्याचें पाणी ओंजळींत घेणाऱ्यांनीं सरकारची आज्ञा मोडली नाहीं. उलट ती पाळली. मोडली ती रूढीची आज्ञा. आणि दंगा केला तो त्या रूढीच्या रक्षकांनीं! त्याच वर्षाच्या डिसेंबरांत कोर्टाचा तात्पुरता मनाई-हुकूम आला, तेव्हां हजारोंचा समुदाय जमलेला असतांही आंबेडकरांनीं तळ्यावर जाण्याचें थांबविलें, आणि मग दहा वर्षें न्यायालयांत लढून १९३७ सालीं मुंबई हायकोर्टाचा निकाल मिळविला. हांक देणारा मनुष्य थांबूंही शकतो, याचा याहून दुसरा चांगला दाखला महाराष्ट्रानें कोठें शोधावा?

तेव्हां, आज्ञाभंगाच्या हांकेचा खरा हेतु आमच्या मतें हा आहे: सत्ता कोणाचीही असो, ती आपल्या आज्ञाधारकपणावर उभी असते, ही गोष्ट वाचकाच्या ध्यानांत आणून देणें. अन्यायी कायदा कागदावर निजलेला असतो. त्यास उठवून चालविणारे हात आपले असतात. कोणी कारकून म्हणून तो लिहितो, कोणी शिपाई म्हणून बजावतो, कोणी पंच म्हणून सही करितो, आणि उरलेले सर्व गप्प बसून त्यास वाट देतात. लेखक जेव्हां म्हणतो कीं 'ही आज्ञा पाळूं नका', तेव्हां तो दुसऱ्याच्या पापाचा पाढा वाचत नाहीं. तुमच्या पदरचा वांटा तुमच्या हवालीं करितो. म्हणूनच ही हांक ऐकणें गोड नसतें. सरकारास शिव्या देणारा लेख वाचून मनुष्यास बरें वाटतें. आपला वांटा दाखविणारा लेख वाचून त्यास झोंप लागत नाहीं. पहिल्या प्रकारचे लेख पुष्कळ लिहिले जातात, दुसऱ्या प्रकारचे थोडे. आणि राज्यकर्ते घाबरतात ते दुसऱ्यांसच.

आतां शेवटची व सर्वांत वजनदार शंका. तें राज्य परक्यांचें होतें. आतां राज्य आपलें आहे, घटना आपली आहे, मत आपलें आहे. मग आज्ञाभंगाच्या हांकेस जागा उरली आहे काय? ही शंका कोणा सरकारी माणसानें नव्हे, तर खुद्द आंबेडकरांनीं २५ नोव्हेंबर १९४९ रोजीं घटना समितींत उपस्थित केली होती. घटनात्मक मार्ग मोकळे झाल्यावर कायदेभंग, असहकार व सत्याग्रह हे मार्ग सोडून दिले पाहिजेत, असा त्यांचा स्पष्ट इशारा होता. महाडच्या सत्याग्रहाच्या नेत्यानें हा इशारा द्यावा, यांतच त्याचें वजन आहे. आम्ही तो शिरोधार्य मानतों, पण पुरता वाचून मानतों. मार्ग मोकळे असतील तर, ही त्यांतील अट आहे. आणि ती अट पाळण्याची जबाबदारी लोकांपेक्षां सत्तेवर अधिक आहे. अर्ज, सभा, न्यायालय आणि वृत्तपत्र हे चार दरवाजे उघडे असले, तर भिंत फोडणारास आपण अवश्य दोष द्यावा. पण दरवाजे एकेक करून लोटून घ्यावयाचे, आणि कोणी दार ठोठावलें कीं त्यास भिंत फोडणारा म्हणावयाचें, हें १९३० सालीं अन्यायाचें होतें आणि आजही अन्यायाचेंच ठरेल.

कायद्याच्या पुस्तकाकडे पाहिलें तर ही शंका निव्वळ ऐतिहासिक नाहीं हें कळतें. ज्या १२४ अ कलमाखालीं टिळक मंडालेस गेले तें १८७० सालीं दंडसंहितेंत शिरलें, आणि स्वराज्य आल्यावरही त्यांत ठाण मांडून बसलें. १९६२ सालीं केदारनाथ सिंह यांच्या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें तें कायम ठेवलें, पण त्यास कुंपण घातलें: सरकारवर कडक टीका हा गुन्हा नव्हे, हिंसेस अगर अव्यवस्थेस चिथावणी असेल तरच गुन्हा. ११ मे २०२२ रोजीं त्याच न्यायालयानें त्या कलमाची अंमलबजावणी थोपविली. १ जुलै २०२४ पासून जुनी दंडसंहिताच गेली व भारतीय न्याय संहिता आली. तींत राजद्रोह हा शब्द नाहीं, पण देशाचें सार्वभौमत्व, एकता व अखंडता धोक्यांत आणणाऱ्या कृत्यांचें १५२ वें कलम आहे. शब्द बदलला, प्रश्न राहिला: लिहिणाराचा हेतु कोणता, आणि तो ठरवावयाचा कोणी? न्यायालय आपल्या परीनें ठरवील. परंतु न्यायालयापूर्वीं तो प्रश्न वाचकापुढें येतो, आणि वाचकानें आपलें काम न्यायालयावर ढकलूं नये. लेखक नेमकें सांगतो आहे कीं नुसतीच आग ओकतो आहे? आपल्या नांवानें लिहितो कीं आडून? शिक्षा स्वतः घेण्यास तयार आहे कीं तुम्हांस पुढें करितो? थांबा म्हणण्याची त्यास ताकद आहे काय? आणि आपल्या जातीच्या, आपल्या पक्षाच्या, आपल्या घराच्या सत्तेविरुद्धही त्यानें कधीं एक ओळ लिहिली आहे काय? हे प्रश्न विचारून जो लेखक उतरेल त्यास तुम्हीं ऐकावें, मग त्याचें म्हणणें तुम्हांस पटो वा न पटो. आणि जो उतरणार नाहीं तो तुमच्याच बाजूचा असला तरी त्याचा अंक बाजूस ठेवावा.

सोलापुरास आमची एक साधी सूचना आहे. मराठी, कानडी, तेलगू व उर्दू या चारही भाषा ज्या शहराच्या पेठांत नांदतात त्या शहरानें आपले चार हुतात्मे पुतळ्यांच्या रूपानें जतन केले. त्याच काळजीनें त्या काळच्या पत्रांचे जे अंक ज्याच्या घरीं, ज्या वाचनालयांत, ज्या कपाटांत पडलेले असतील, ते हुडकून जतन करावे. पुतळा सांगतो कीं मनुष्य मेला. अंक सांगतो कीं तो काय म्हणत होता. गिरण्यांचे भोंगे आतां बंद झाले, जे कामगार त्या पत्रांचे वाचक होते ते गेले, आणि जुना कागद कोणासाठीं थांबत नाहीं. पुढील १२ जानेवारीस हारांबरोबर त्या वेळच्या एखाद्या पत्राचें एखादें पान शाळेंतल्या मुलांपुढें मोठ्यानें वाचलें जावें, आणि त्यांस विचारावें कीं, हा लेखक तुम्हांस काय करावयास सांगत होता, कशासाठीं सांगत होता, आणि त्याचें म्हणणें तुम्हांस पटतें काय? कांहीं मुलें 'नाहीं' म्हणतील. म्हणूं द्यावें. मास्तरांचें मत पुढ्यांत असतांही 'नाहीं' म्हणण्याची संवय ज्या मुलांस लागते, त्यांस मोठेपणीं कोणत्या आज्ञेस मान द्यावा आणि कोणतीस देऊं नये, हें दुसऱ्या कोणी सांगावें लागत नाहीं.